कंदील उंच लावा, पाय जमिनीवर ठेवा

दिवाळीच्या आधीचा रविवार जवळ आला की मी कंपाउंडरला क्रेप बँडेज आणि धनुर्वाताची इंजेक्शने जास्तीची मागवून ठेवायला सांगतो. सांताक्रूझ पूर्वेला वाकोल्यात माझा दवाखाना आहे, त्याला आता अठ्ठावीस वर्षे होतील. एवढ्या वर्षांत हा रविवार कधी रिकामा गेल्याचे मला आठवत नाही. सकाळी घरोघरी माळ्यावरून गेल्या वर्षीचा कंदील आणि माळांचा गुंता खाली येतो, अकराच्या सुमारास कोणीतरी स्टुलावर चढते आणि बाराच्या आत कोणीतरी माझ्या दारात येते.

फटाक्यांनी भाजण्याबद्दल दरवर्षी सगळीकडे लिहिले जाते, लिहिलेच पाहिजे. कंदील आणि विजेच्या माळा लावताना होणाऱ्या अपघातांबद्दल मात्र फारसे कोणी लिहीत नाही. कंदील म्हणजे कौतुकाची गोष्ट, त्यात धोका तो कसला, असे आपल्याला वाटते. मला तसे वाटत नाही. का वाटत नाही ते सांगतो.

आधी पडण्याबद्दल. कंदील लावायला घरातून दोघेच पुढे होतात. एक म्हणजे सत्तरीचे आजोबा, कारण "चाळीस वर्षं मीच लावतोय". दुसरा म्हणजे तेरा-चौदा वर्षांचा नातू, कारण तो चपळ असतो. माझ्या मते हे दोघे सोडून बाकी कोणीही चालेल. गेल्या दिवाळीत आमच्याच गल्लीतले एक निवृत्त गृहस्थ नुकत्याच धुतलेल्या गॅलरीत प्लॅस्टिकच्या खुर्चीवर चढले. ओल्या लादीवर या खुर्चीचे पाय बाहेरच्या बाजूला पसरतात. ते आतल्या बाजूला पडले, हे नशीबच. पण खुबा मोडला. शस्त्रक्रिया झाली, तीन महिने अंथरुणात गेले. त्यांच्या पत्नी मला म्हणाल्या, "डॉक्टर, कंदील मात्र लागला होता हो, रात्री पेटवलाही कोणीतरी." या बोलण्यावर हसावे की नाही, मला अजून कळलेले नाही.

पडताना माणूस हात पुढे टेकतो आणि मनगटाजवळचे हाड मोडते. हात काट्याच्या चमच्यासारखा वाकडा दिसतो. डब्लिनच्या अब्राहम कोलीस या डॉक्टरने 1814 मध्ये याचे वर्णन केले, म्हणजे एक्स-रेचा शोध लागण्याच्या ऐंशी वर्षे आधी. पन्नाशीपुढच्या बायकांत हाडे ठिसूळ झालेली असतात, म्हणून त्यांच्यात हे जास्त दिसते. मनगट मोडले तर ते कळते तरी. न कळणाऱ्या दोन गोष्टींची मला जास्त भीती वाटते. एक म्हणजे, उंचावरून टाचांवर पडलेल्या माणसाची टाच मोडली असेल तर कंबरेच्या मणक्यालाही मार असू शकतो. टाच दुखते म्हणून कंबरेकडे लक्ष जात नाही, आणि घरचे त्याला उचलून, चालवून आणतात. अशा माणसाला सपाट फळीवर आडवे ठेवूनच हलवावे. दुसरे म्हणजे, हृदयासाठी रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल आणि डोके आपटले असेल तर "टेंगूळ आलंय फक्त" म्हणून घरी बसू नये. डोक्याच्या आतला रक्तस्राव काही तासांनी, कधी काही दिवसांनी डोके वर काढतो. त्याच दिवशी डॉक्टरला दाखवावे आणि गोळीचे नाव न विसरता सांगावे.

आता विजेबद्दल. यातली एक हकीकत मी आजवर या सदरात लिहिली नव्हती.

बरीच वर्षे झाली. आमच्या भागात तेव्हा अजून बैठ्या चाळी होत्या. नरक चतुर्दशीची पहाट. एका घराच्या पडवीत कंदिलाची वायर कपडे वाळत घालायच्या तारेवरून पुढे नेली होती. तार लोखंडी, वायर जुनी. रात्रभर वाऱ्याने कंदील हलला आणि तारेवर घासून वायरचे आवरण गेले. घरातली बाई मुलांना अभ्यंगस्नान घालून ओल्या हातांनी, ओल्या पायांनी टॉवेल वाळत टाकायला आली आणि तिने तार धरली. मुलगी सोडवायला धावली, तीही चिकटली. शेजाऱ्याने मेन स्विच काढला तेव्हा दोघी खाली पडल्या. मुलगी वाचली. तिच्या तळहातावर वणाची रेघ राहिली आहे.

मला बोलवायला एक मुलगा धावत आला. माझे घर तिथून दोन मिनिटांवर होते. मी आधी दवाखान्यात गेलो, कुलूप उघडले, बॅग घेतली, मग तिकडे गेलो. पोहोचलो तेव्हा चार बायका तिचे तळपाय चोळत होत्या, कोणीतरी अंगावर वाळू टाकायची तयारी करत होते, कारण वाळू वीज शोषून घेते असा समज. छाती कोणीच दाबत नव्हते. मी सुरुवात केली, पण वेळ निघून गेली होती. त्या बॅगेत तिला उपयोगी पडेल असे काहीही नव्हते. रक्तदाबाचे यंत्र, स्टेथोस्कोप, काही इंजेक्शने. उपयोगी पडले असते ते माझे दोन हात, आणि ते कुलूप उघडण्यात गुंतले होते. मी थेट धावलो असतो तर ती वाचलीच असती, असे मी म्हणू शकत नाही. पण संधी मिळाली असती. दर दिवाळीच्या पहाटे हे मला आठवते.

या गोष्टीतला एकही माणूस मूर्ख नव्हता, निष्काळजीही म्हणता येणार नाही. आपल्या सगळ्यांच्या घरी असेच करतात. म्हणून थोडे खोलात जाऊन सांगतो.

आपल्या घरात वीज येते ती 230 व्होल्टची. शरीरातून किती वीज जाईल हे कातडीच्या विरोधावर ठरते. कोरडी, घट्टे पडलेली कातडी बराच विरोध करते, ओली कातडी फारच थोडा. ओल्या शरीराचा विरोध साधारण एक हजार ओहम धरला तर 230 व्होल्टला सुमारे 230 मिलीअँपियर प्रवाह जातो. एक मिलीअँपियरला मुंग्या येतात. दहा-पंधराला स्नायू आखडतात आणि हात सोडवता येत नाही, कारण मूठ मिटणारे स्नायू ती उघडणाऱ्या स्नायूंपेक्षा बळकट असतात. "विजेने ओढून घेतले" असे लोक म्हणतात ते हेच. वीज ओढत नाही, आपलीच मूठ सुटत नाही. पन्नास ते शंभरच्या पुढे हृदयाची लय बिघडते, ते धडधडण्याऐवजी नुसते थरथरू लागते आणि रक्त पुढे जाणे थांबते. म्हणजे अभ्यंगस्नान करून ओल्या केसांनी, अनवाणी पायांनी कंदिलाचे बटण दाबायला जाण्याची जी आपली हौस आहे, ती डॉक्टरच्या नजरेने पाहिली तर वर्षातली सर्वांत वाईट वेळ आहे. आधी अंग पुसा, चप्पल घाला, मग बटणाला हात लावा. देव रागावत नाही.

लोक मला म्हणतात, "अहो, एवढीशी माळ, बारीक बारीक दिवे, त्यात कसली आली वीज?" हा गैरसमज सर्वांत घातक आहे. जुन्या माळेत समजा पन्नास दिवे एकामागून एक जोडलेले असतात, तर प्रत्येकाच्या वाट्याला साडेचार-पाच व्होल्ट येतात हे खरे. पण एक दिवा गेला की सगळी माळ विझते, आणि आपण समजतो की माळ मेली. ती मेलेली नसते. जिथे दिवा गेला आहे तिथपर्यंत पूर्ण 230 व्होल्ट येऊन थांबलेले असतात, पुढे जायला वाट शोधत. आपण नेमके तिथेच बोट घालतो, दिवा उपटतो आणि दोन वायरी पिळून जोडतो. शिवाय अशी दोन-चार दिव्यांची काटछाट झाली की उरलेल्या दिव्यांवर ताण वाढतो, ते जास्त तापतात आणि त्यांच्या जवळचा पताकेचा कागद करपतो.

एलईडीच्या माळा आल्यापासून "याला शॉक लागत नाही" असे दुकानदारही सांगतात. दिवा थंड असतो आणि वीज कमी खातो, एवढेच त्यात खरे. बहुतेक स्वस्त माळांना जी चौकोनी डबी असते ती दिवे उघडझाप करण्यासाठी; ती व्होल्टेज कमी करत नाही. वायर केसासारखी बारीक, आवरण त्याहून बारीक. माल कुठल्या देशातून आला यावर लोक हिरिरीने बोलतात. मला त्यात रस नाही. वायर नखाने सोलली जाते का ते पाहा. सोलली जात असेल तर ती कुठेही बनलेली असो, तिची जागा घराबाहेर नाही. बाहेर लावायला अशी माळ घ्या जिच्या अॅडॉप्टरवर 12 किंवा 24 व्होल्ट आउटपुट असे स्पष्ट छापलेले आहे, आणि तो अॅडॉप्टर घरात कोरड्या जागी ठेवा. मग बाहेर जाते ती कमी दाबाची वीज. थोडे जास्त पैसे पडतात. तेवढ्याच पैशांची चकली आपण वजन न पाहता घेतो.

टू-पिन प्लगचीही एक खोड आहे. बटण बंद केले की माळ मेली असे समजून लोक तिला हात लावतात. पण कित्येक जुन्या घरांत वायरिंग करताना बटण फेजऐवजी न्यूट्रलवर बसवलेले असते. दिवे विझतात, वीज माळेत तशीच उभी. म्हणून माळेला हात लावण्यापूर्वी बटण बंद करून भागत नाही, प्लग उपसून हातात घ्यावा. मी स्वतः तो खिशात टाकतो, म्हणजे मागून कोणी पुन्हा लावत नाही. घरात ही माझी थट्टेची गोष्ट झाली आहे, होऊ दे.

पाऊस गेला म्हणून निर्धास्त राहू नका. वेधशाळेमुळे आमच्या सांताक्रूझचे नाव पावसाळ्यात रोज बातम्यांत असते. 26 जुलै 2005 ला इथेच चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस नोंदला गेला. पण दिवाळीतही पाऊस येतो. 2019 साली लक्ष्मीपूजन 27 ऑक्टोबरला होते आणि त्याच दिवसांत अरबी समुद्रात 'क्यार' चक्रीवादळ घोंघावत होते. कोकणातल्या वाचकांना ती ओली दिवाळी आठवत असेल. तेव्हा होल्डर पितळी नको, बेकेलाइटचा घ्या आणि त्याचे तोंड खाली असू द्या. कंदील वायरवर लोंबकळत ठेवू नका. त्याचे वजन सुतळीने किंवा नायलॉनच्या दोरीने पेला, वायर सैल राहू दे. घरात शिरण्यापूर्वी वायरला खाली एक झोळ द्या, म्हणजे वायरवरून ओघळणारे पाणी तिथून खाली गळते, प्लगपर्यंत जात नाही. जोड असलेली वायर बाहेर नकोच. आणि अॅल्युमिनियमच्या सरकत्या खिडकीत वायर चिरडू नका. खिडकी दहा वेळा उघडली-मिटली की आवरण कापले जाते आणि मग अख्खी चौकट, कधी तिला टेकलेली लोखंडी ग्रीलही, विजेची होते. ग्रीलला माळ बांधायला बाइंडिंग वायर वापरणारे लोक मला भेटतात. त्यांना मी फी न घेता रागावतो.

साधा पिवळा दिवा कंदिलात घालू नका, तो तापतो. पाच-सात वॅटचा एलईडी पुरतो. रात्री झोपताना बंद करा. तुळशीचे लग्न, फार तर त्रिपुरी पौर्णिमा झाली की उतरवा. जानेवारीपर्यंत उन्हात लोंबणाऱ्या वायरचे आवरण तडकते आणि पुढच्या वर्षी तीच वायर आपण पुन्हा काढतो.

आता खर्चाची एक गोष्ट. घरात एमसीबी आहे, म्हणजे आपण सुरक्षित, असे पुष्कळांना वाटते. एमसीबी पडते ती सहा, दहा, सोळा अँपियरला. माणूस मरायला अँपियरचा दहावा हिस्सा पुरे होतो. एमसीबी वायरिंग वाचवते, माणसाला नाही. माणसासाठी वेगळे उपकरण असते, त्याला वायरमन लोक ईएलसीबी किंवा आरसीसीबी म्हणतात. जाणारी वीज आणि परत येणारी वीज यांत 30 मिलीअँपियरचा फरक पडला, म्हणजे वीज कोणाच्या तरी अंगातून जमिनीत चालली आहे असे दिसले, की ते सेकंदाच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत पुरवठा तोडते. चाळीत अर्थिंग नसले तरी ते काम करते. अर्थिंग असावे हे वेगळे. एका हातात फेज आणि दुसऱ्यात न्यूट्रल धरले तर मात्र तेही वाचवू शकत नाही, हे लक्षात ठेवावे. त्यावर 'टी' लिहिलेले बटण असते, ते महिन्यातून एकदा दाबून पाहावे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीत देशात विजेच्या धक्क्याने मरणाऱ्यांची संख्या वर्षाला दहा हजारांच्या वर असते. डेंग्यूचे आकडे आले की आपण धूर फवारणी मागतो, मोर्चे काढतो. या आकड्यावर कोणी काही मागत नाही.

समजा, अपघात झालाच. चिकटलेल्या माणसाला हात लावू नका. मेन स्विच काढा. तो सापडत नसेल तर कोरड्या लाकडी काठीने किंवा प्लॅस्टिकच्या स्टुलाने वायर दूर लोटा, पायात रबरी चप्पल असू द्या. नंतर त्याला हाक मारा, खांदा हलवा. उत्तर नाही आणि श्वास नीट चालत नाही असे दिसले तर त्याला जमिनीवर उताणे ठेवा, छातीच्या मधोमध तळहाताची टाच ठेवा, दुसरा हात त्यावर, कोपर सरळ, आणि पाच-सहा सेंटिमीटर खोल दाबा. मिनिटाला 100 ते 120 वेळा. दमलात तर दुसऱ्याने घ्यावे, पण थांबू नये. दुसऱ्या कोणीतरी 108 ला फोन करावा. महाराष्ट्रात ही रुग्णवाहिका 2014 पासून आहे. विजेच्या धक्क्याने थांबलेले हृदय बहुधा निरोगी असते, म्हणून ही धडपड इथे जास्त फळते. वाळू, कांदा, तळपाय चोळणे यात एक मिनिटही घालवू नका. आणि हो, डॉक्टरला बोलावले तर त्याला सांगा, बॅग नको, तुम्ही या.

धक्का बसून माणूस उठून बसला, हसू लागला, तरीही तो बेशुद्ध पडला होता का, छातीत धडधडते का, हात ओला होता का, बाई गरोदर आहे का, हे विचारा. यातले एक जरी असेल तर हृदयाचा आलेख काढून घ्यावा. भाजल्याची खूण वाटाण्याएवढी असते आणि आतले स्नायू हातभर जळालेले असतात, असेही होते. दुसऱ्या दिवशी लघवी काळसर चहासारखी झाली तर ताबडतोब रुग्णालय गाठावे, मूत्रपिंडाला धोका असतो. रांगत्या मुलाने वायर चावली आणि ओठाचा कोपरा भाजला, तर तो चट्टा आठवड्या-दोन आठवड्यांनी सुटताना अचानक जोरात रक्त येऊ शकते. हे आईला आधीच सांगून ठेवावे लागते. अलीकडे सेलवर चालणाऱ्या पणत्या निघाल्या आहेत. त्यांतला बटणासारखा सेल मुलाने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका भाजू शकते. "बाहेर पडेल आपोआप" म्हणत वाट पाहू नका.

माझ्या दवाखान्यासमोर एक ईस्ट इंडियन कुटुंब राहते. आमचे कंदील उतरतात न उतरतात तोच त्यांचा नाताळचा तारा चढतो. वाकोला-कालिन्यात डिसेंबरभर असे तारे दिसतात, गावाच्या नावातच क्रूस आहे म्हटल्यावर दिसणारच. त्या घरचे आजोबा ऐंशीच्या पुढे आहेत आणि तारा तेच लावतात. मी एकदा रागावायलाच गेलो होतो. पाहतो तर ते खुर्चीत बसलेले. छताला गवंड्याकडून एकदाच हूक ठोकून घेतलेला, त्याला विहिरीला असते तशी लहान कप्पी, कप्पीतून दोरी. खाली बसून तारा बांधायचा, वायर जोडायची, दोरी ओढायची, खुंटीला गाठ मारायची. मला म्हणाले, "डॉक्टर, मी काय माकड आहे वर चढायला?" आपल्याकडे तरी वेगळे काय होते? अंगणात उंच वेळू रोवून दोरीने आकाशदिवा वर चढवायची जुनी पद्धत हीच. अंगण गेले, वेळू गेला आणि आपण प्लॅस्टिकच्या खुर्चीवर आलो.

आमच्या सोसायटीच्या सभेत मी हा विषय तीन वेळा मांडला: प्रत्येक गॅलरीत एक हूक आणि कप्पी, एक झाकणाचा थ्रीपिन पॉइंट आणि घरटी एक ईएलसीबी, सगळ्यांनी मिळून एकाच वायरमनकडून बसवून घ्यायचे. पहिल्या दोन वेळा चहा आला आणि चर्चा पार्किंगवर गेली. तिसऱ्या वेळी बावीसपैकी नऊ घरांनी होकार दिला. खुबा मोडलेले ते गृहस्थ त्यांत पहिले होते. यंदा वायरमन धनत्रयोदशीच्या आधीच्या शनिवारी येणार आहे. कपडे वाळत घालायच्या लोखंडी तारा त्याच दिवशी काढून नायलॉनच्या दोऱ्या लावायच्या, असेही ठरले आहे. त्या मी पदरचे पैसे घालून आणून ठेवल्या आहेत.

पुढच्या आठवड्यात मधुमेहींनी फराळ किती आणि कसा खावा, याबद्दल. त्यावर बरीच पत्रे आली आहेत.